हात लावायची काच

"अरे थांबव! बाळाराम, थांबव ते!"

काळूराम शेठ ओरडत धावले, पण मशीन थांबलं नाही. उलट त्याने वेग घेतला. हजारो धाग्यांची ती पांढरी चादर आधी ताणली गेली, मग कडेचे धागे तुटायला लागले आणि बघता बघता तुटलेल्या सुताचे पुंजके तापलेल्या सिलिंडरवर गुंडाळले जाऊ लागले. बाळाराम क्षणभर समोरच्या काचेकडे बघत राहिला. मग वळून त्याने बाजूच्या खांबावरच्या लाल बटणावर मूठ हाणली. मशीन कण्हल्यासारखा आवाज करून उभं राहिलं. सगळीकडे जळक्या खळीचा वास पसरला.

"मी हळू चालायचं दाबलं होतं," बाळाराम म्हणाला. "आईशपथ शेठ, हळूचंच दाबलं."

"मग पलायला कसा लागला तो? साठ्येसाहेब, ह्यो टीव्ही हाय का भूत हाय?"

प्रभाकर साठ्ये यांनी कपाळावरचा घाम पुसला. काल्हेरच्या रस्त्यावरच्या काळूराम शेठच्या या सायझिंगमध्ये, म्हणजे लूमवर चढण्याआधी सुताला खळ पाजायच्या कारखान्यात, त्यांनी मोठ्या उत्साहाने तो 'टीव्ही' बसवला होता. जुन्या मशीनवर चाळीसेक बटणं आणि दांडे होते. त्यांच्या जागी आता एक कॉम्प्युटर आणि त्याच्या पडद्यावर बसवलेली एक काच होती. काचेवर बोट ठेवलं की खालचं काम होणार. १९९७ साली भिवंडीत असलं काही कोणी पाहिलेलं नव्हतं.

पडद्यामागचा प्रोग्रॅम लिहिला होता शैला रोकडेने. ती मशीनच्या पायरीवर उभी होती. तुटलेल्या सुताचा एक झुपका तिच्या चपलेवर येऊन पडला होता आणि तो काढायचं तिला सुचत नव्हतं.

साठ्ये पुढे झाले. मशीनचा पट्टा काढून ठेवला, म्हणजे आता नुसता पडदाच चालणार होता. एक हात पाठीमागे ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटाने, दारावरची बेल दाबावी तसं, काचेवर दाबलं. 'SLOW' लिहिलेला चौकोन उजळला. पुन्हा दाबलं. पुन्हा तोच उजळला. 'FAST', 'STOP', 'STEAM', सगळं जिथल्या तिथे.

"बघा शेठ. काही चूक नाही."

सगळ्यांची नजर बाळारामकडे गेली. पन्नाशीचा, काटक, अंगात बनियन, कोपरापर्यंत खळीचे वाळलेले थर. अकलोलीकडून तरुणपणी तो इथे आला आणि या एकाच मशीनवर त्याचे केस पिकले.

"मंग दाबायलाच चुकला," काळूराम शेठ म्हणाले. "त्याला कुठं वाचता येतं? बाळाराम, तू आता गाडीवर माल चढवायला जा. हिकडं मी आयटीआय शिकलेला मानूस आनतो."

 बाळारामने तळहात पालथे केले, सुलटे केले, आणि बनियनला पुसले.

"त्यांची चूक आहे असं मी म्हणणार नाही," शैला म्हणाली.

काळूराम शेठनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. इतका वेळ ते फक्त साठ्यांशी बोलत होते. "मंग कोनाची?"

"माझी असेल. मला शोधायला लागेल. पुढच्या सोमवारपर्यंत कुणाला बदलू नका."

*

परत जाताना स्कूटर कशेळीच्या खाडीच्या वाऱ्यात हेलकावत होती. साठ्ये मान वळवून ओरडून बोलत होते. "शैला, कशाला अंगावर घेतलंस? प्रोग्रॅम बरोबर आहे तुझा. मी दाबलं तेव्हा चाललंच ना? तो माणूस शिकलेला नाही, एवढाच प्रॉब्लेम आहे. आपण काय करणार त्याला?"

"सर, पॉलिटेक्निकला आमच्या लॅबमधलं मीटर बंद पडलं की तिथले सर पहिलं विचारायचे, रोकडेने हात लावला होता का? एकदा तर मी त्या दिवशी कॉलेजलाच गेले नव्हते."

साठ्यांनी नाक्यापर्यंत मान पुढेच ठेवून स्कूटर चालवली. ते वाईट मनाचे नव्हते. वडील कोर्टात कारकून, कासार आळीत पिढीजात घर, आणि घराच्या पुढच्या दोन खोल्यांत यांचा कंट्रोल पॅनेल बनवायचा उद्योग. शैला नोकरी मागायला आली तेव्हा त्यांनी तिला एक बिघडलेलं पॅनेल दिलं होतं आणि ते दुरुस्त झाल्यावर आडनाव विचारलं होतं. ही गोष्ट तिने घरी मुद्दाम सांगितली होती.

टच स्क्रीनचा डबा तैवानहून मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत आला, तो तिनेच फोडला होता. आत ती काच, हिरवा छोटा कंट्रोलर, एक केबल, तीन फ्लॉपी आणि जाड इंग्रजी पुस्तक. काचेवर कुठे दाब पडला ते कंट्रोलर ओळखायचा आणि दोन आकडे कॉम्प्युटरला पाठवायचा, एक आडवा, एक उभा. फ्लॉपीवर तयार फंक्शन्स होती. ती आपल्या सी भाषेतल्या प्रोग्रॅमला जोडायची, की कुठे बोट लागलं ते प्रोग्रॅमला कळणार. पुस्तकात सगळं सोपं दिसत होतं. प्रत्यक्षात केबलच्या दोन तारा उलट्या होत्या आणि नमुन्याचा प्रोग्रॅम त्यांच्या कॉम्प्युटरवर चालतच नव्हता. पण एका दुपारी तिने काचेवर बोट फिरवलं आणि बोटामागून पडद्यावर एक हिरवी रेघ उमटत गेली. साठ्यांच्या त्या खोल्यांत ती एकटीच होती. तिने बोटाने 'शै' काढला, पुसला, परत काढला. इतका आनंद तिला डिप्लोमाच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

आणि आता त्याच काचेपायी बाळाराम माल चढवायला निघाला होता.

*

शैलाचं घर कामतघरला, वऱ्हाळा तलावाच्या अलीकडच्या वस्तीत. वडील केसरीनाथ रोकडे हे पेंटर. निम्म्या भिवंडीच्या पाट्या त्यांच्या हातच्या. मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही. उर्दू त्यांना वाचता येत नव्हतं, पण कागदावर कोणी लिहून दिलं की ते अक्षर असं वळवायचे, की मालक पाटीसमोर उभं राहून दोनदा वाचायचे. तरुणपणी एका दुकानदाराने त्यांना शिडी रस्त्यावरच ठेवायला सांगितली होती, उंबऱ्यावर नको म्हणून. त्या दुकानाची पाटी ते अजूनही शैलाला दाखवायचे. "बघ, पंचवीस वर्षं झाली. एक अक्षर उडालेलं नाही." 

अलीकडे कल्याण नाक्यावर प्लॅस्टिकची अक्षरं कापणारं मशीन आलं होतं. तेव्हापासून केसरीनाथांचे ब्रश बरेच दिवस कोरडेच असायचे. त्यात उजवा हात थोडा कापायला लागला होता, पण ते कोणाजवळ बोलायचे नाहीत.

"बाबा, मला चित्रं काढून हवीत," शैला म्हणाली. साठ्ये म्हणाले त्यात थोडं तथ्य असेल असं तिलाही वाटायला लागलं होतं. इंग्रजी शब्दांमुळे बाळारामची गल्लत होत असेल. "वाचता न येणाऱ्याला एका नजरेत कळली पाहिजेत. मशीन हळू चालव, जोरात चालव, थांबव, वाफ दे, खळ सोड."

केसरीनाथ सरसावून बसले. कितीतरी दिवसांनी कोणी त्यांना काम सांगत होतं. "हळू म्हणजे बैलगाडी काढू. जोरात म्हणजे रिक्षा."

"आणि थांब?"

"हाताचा पंजा काढला तर लोकांना निवडणूक वाटेल." त्यांनी पेन्सिल कानावरून काढली. "सोडलेली गाडी आणि बाजूला बसलेला बैल. ज्याने गाव बघितलंय त्याला विचारावं लागणार नाही."

वाफेला चहाची किटली आली, खळीला डब्यातून पडणारा थेंब. शैलाने ती चित्रं आलेखाच्या कागदावर ठेवली आणि एकेक चौकोन रंगवून त्यांचे ठिपके केले, कारण कॉम्प्युटरला ठिपक्यांशिवाय काही कळत नव्हतं. बैलाचं वशिंड नीट येईना. केसरीनाथ तिच्या शेजारी बसून सांगत होते, "एक घर वर घे. आता खाली. हां, आता बसला." चुलीपाशी बसलेली आई, मैना, म्हणाली, "एवढं शिकवलं, आणि पोरगी काचेवर बैल बसवतेय."

*

गुरुवारी दुपारी शैला एकटीच रिक्षाने सायझिंगला गेली. बाळारामने पडदा बघितला आणि पहिल्यांदाच हसला.

"ह्यो बैल बसलाय. म्हंजे बंद. ही रिक्षा, म्हंजे पळव. ही किटली..." तो थांबला. "वाफ! व्हय ना?"

एकही चित्र त्याला सांगावं लागलं नाही. शैलाला हायसं वाटलं. मशीनवर सूत न चढवता त्यांनी रिकामं मशीन सुरू केलं. खालचा पत्रा थरथरायला लागला. बाळारामने बैलगाडीवर बोट ठेवलं, मशीन हळू झालं. पुन्हा वेग दिला. पुन्हा बैलगाडी. आणि या वेळी बोट बैलगाडीवर असताना बाजूची रिक्षा उजळली आणि मशीन सुसाट सुटलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाळारामने लाल बटण दाबून मशीन बंद केलं.

"मॅडम, सोडून द्या," तो म्हणाला. "तुमी लय केलंत. माज्या नशिबात आता गाडीच भरायची हाय. भरू. हात-पाय हायेत अजून."

तो चहा प्यायला बाहेर गेला. शैला एका पालथ्या ड्रमवर बसून राहिली. म्हणजे वाचण्याचा प्रश्नच नव्हता. तो बरोबर ओळखत होता, बरोबर बोट ठेवत होता. आणि तिलाही घटकाभर का होईना वाटलं होतं, की याला वाचता येत नाही म्हणून हे होतंय. तिला स्वतःचा राग आला.

दारातून तिरपं ऊन आत आलं होतं आणि नेमकं काचेवर पडलं होतं. काच मळली होती. बाळारामच्या हाताची खळ तिच्यावर वाळून पांढरी झाली होती. पुसावी म्हणून ती ओढणीचं टोक घेऊन उठली आणि तिचा हात तसाच थांबला.

बैलगाडीवर बोटाचा ठसा होता. अगदी मधोमध. पण काचेच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, दुसरा एक लांबट ठसा होता. तळहाताच्या कडेचा. करंगळीखालची जी गादी असते तिचा. आणि या दोन ठशांच्या बरोबर मध्ये होती रिक्षा.

"दादा!" ती दाराकडे धावली. "बाळारामदादा, आत या! चहा राहू दे!"

तिने प्रोग्रॅम बाजूला सारला आणि कंट्रोलरचे नुसते आकडे पडद्यावर आणले. "आता मशीन चालू असताना जसं रोज दाबता तसंच दाबा. अजिबात विचार करू नका."

मशीन सुरू झालं. बाळारामने आधी तळहाताची कड काचेच्या खालच्या कोपऱ्यावर टेकली आणि मग बोट पुढे नेलं. आकडे आधी कोपरा दाखवत होते. बोट टेकताच ते उडी मारून मध्येच कुठेतरी जाऊन थांबले.

"आता हात उचलून, नुसत्या बोटाने."

आकडे बोटाखाली आले.

या काचेला एका वेळी एकच जागा कळत होती. दोन ठिकाणी दाब पडला, की ती दोन्हींच्या मधली जागा सांगून मोकळी व्हायची. साठ्ये एक हात पाठीमागे ठेवून बेल दाबल्यासारखं दाबत होते, म्हणून त्यांचं कधी चुकत नव्हतं. बाळारामच्या पायाखालचा पत्रा वर्षानुवर्षं थरथरत आला होता. काही नाजूक करायचं तर त्याचा हात आधी कुठेतरी टेकायचा.

"म्हंजे माझाच हात आडवा येतोय," बाळाराम खालच्या आवाजात म्हणाला.

"नाही दादा. तुमचं बोट बरोबर होतं. ज्यांनी ही काच बनवली, त्यांना हात टेकणारा माणूस कुणी दाखवलाच नाही."

*

साठ्यांना ते ऐकून इतका आनंद झाला की त्यांनी टेबलावर थाप मारली. "सुटला प्रश्न! त्याला सांगून टाक, हात टेकायचा नाही म्हणून."

"सांगून बघितलं सर. पत्रा हलतो, अधांतरी बोट भलतीकडे जातं. आणि सुताची गाठ आली की माणूस हे सगळं विसरतो. तीस वर्षांचा सराव आहे त्या हाताला. त्याला बदलण्यापेक्षा प्रोग्रॅम बदलू."

पुस्तकातली तयार फंक्शन्स आता तिच्या उपयोगाची नव्हती. बोट लागलं की ती लगेच सांगायची, 'इथे दाबलं'. विचार करायला जागाच ठेवायची नाहीत. शैलाने त्यांना बाजूला ठेवलं आणि कंट्रोलरकडून येणारे कच्चे आकडे स्वतः वाचणारा भाग लिहायला घेतला. आधी तिला वाटलं, सोपं गणित आहे: तळहात कुठे ते माहीत, मधला बिंदू माहीत, तर बोट कुठे ते काढता येईल. कागदावर ते आलं. काचेवर निम्म्याच वेळा आलं, कारण हाताचा भार कधी जास्त पडायचा, कधी कमी, आणि मधला बिंदू त्याप्रमाणे सरकायचा. तिने ते गणित खोडलं.

मग तिने दुसरा नियम केला. बोट लागल्यावर लगेच काही करायचं नाही. आकडे एका जागी स्थिर आहेत का ते पाहायचं आणि बोट उचललं की मगच काम करायचं. मध्येच आकड्यांनी उडी मारली, तर काहीही करायचं नाही, नुसती शिटी वाजवायची. ज्याची खात्री नाही ते मशीनला सांगायचंच नाही.

आता चूक होत नव्हती. पण बाळारामने शनिवारी करून पाहिलं तेव्हा शिट्याच जास्त वाजल्या आणि काम कमी झालं. काळूराम शेठ बाजूने जाता जाता म्हणाले, "ह्यो तर रेफ्री झाला."

रविवारी शैला घरीच होती. डोक्यात तेच चाललं होतं. अंगणात केसरीनाथ एका टेम्पोच्या मागच्या फळीवर नाव रंगवत होते, बऱ्याच दिवसांनी आलेलं काम. ती चहा घेऊन गेली. त्यांच्या डाव्या हातात एक बारीक काठी होती, टोकाला चिंधी गुंडाळलेली. ते टोक त्यांनी फळीच्या कडेवर टेकवलं होतं, आणि आडव्या काठीवर उजवं मनगट ठेवलं होतं. कापणारा हात काठीवर टेकला की शांत व्हायचा आणि ब्रश एका दमात वेलांटी काढायचा.

लहानपणापासून तिने ती काठी हजारदा पाहिली होती.

"बाबा, ही काठी कशाला असते हो?"

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. "हात टेकायला. रंग ओला असतो ना. त्यावर हात ठेवला तर आधीचं सगळं फिसकटेल. हात टेकायला तर पाहिजे, पण रंगावर नको."

शैला चहाचा कप हातात तसाच धरून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मैना बाहेर आली. "काय झालं गं हिला?"

"बाबा, मला अशीच एक पट्टी हवी. लाकडाची. काचेच्या पुढे, हातभर लांब, न हलणारी."

केसरीनाथांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला. "माप दे," ते म्हणाले.

*

सोमवारी मशीनवर नवं सूत चढलं. काचेच्या पुढे, तिला न लागता, सागवानाची एक गोल कडांची पट्टी दोन लोखंडी पायांवर घट्ट बसवलेली होती. केसरीनाथांनी ती रंधून, घासून, वर वॉर्निश दिलं होतं. साठ्ये एका बाजूला उभे होते, शर्टाची वरची गुंडी काढत आणि लावत. काळूराम शेठ खुर्ची टाकून बसले. काच बसल्यापासून तिला हात न लावलेला रात्रपाळीचा ऑपरेटर यादव घरी न जाता बघायला थांबला होता.

बाळाराम खळीच्या टाकीवरून आला. "मॅडम, हात धुवून येतो. काच खराब होईल."

"नको. आहेत तसेच लावा. ती हात लावायचीच काच आहे."

बाळाराम पायरीवर चढला. मशीन सुरू झालं, पत्रा थरथरला. त्याने सवयीने हात पुढे केला, आणि मनगट आपसूकच पट्टीवर येऊन टेकलं. त्याला काही सांगावं लागलं नाही. बोट रिक्षावर गेलं, उचललं गेलं, आणि मशीनने वेग घेतला. धाग्यांची चादर टाकीत बुडून, सिलिंडरवरून वाळून, बीमच्या मोठ्या रुळावर गुंडाळली जाऊ लागली. थोड्या वेळाने गाठ दिसली. बैलगाडी. मशीन आज्ञाधारकपणे हळू झालं. गाठ निघाली. रिक्षा. किटली. थेंब. पुन्हा बैलगाडी.

एकदाही शिटी वाजली नाही.

काळूराम शेठ उठले. ते पायरीवर चढले आणि त्यांनी आपला अख्खा पंजा काचेवर थापला. शिटी वाजली. मशीन होतं त्याच चालीने चालत राहिलं. त्यांनी पुन्हा थापला. पुन्हा शिटी. धाग्यांची चादर शांतपणे सरकत होती.

"यादव, तू आ," ते म्हणाले. "तेरे को बताया किसीने कुछ?"

"नहीं सेठ." यादवने पट्टीवर हात टेकला, चित्रांवरून नजर फिरवली, बैलगाडीवर बोट ठेवलं. मशीन हळू झालं. तो हसून मागे वळला. "अरे, ये तो हमारे गाँव का बैल है!"

दुपारी बीम पूर्ण भरला. बाळारामने बसलेल्या बैलावर बोट ठेवलं, उचललं, आणि मशीन उभं राहिलं. एकही धागा तुटला नव्हता. त्याने त्या कडक, गुळगुळीत, दुधासारख्या पांढऱ्या बीमवर तळहात फिरवला आणि वाजवून बघितला.

"बाळाराम," काळूराम शेठ म्हणाले, "गाडीवर दुसरा मानूस बघतो मी. तू हिथंच रहा. आनि ह्या यादवला नीट शिकव." मग ते शैलाकडे वळले. साठ्यांकडे नाही. "मॅडम, आमचा दुसरा मशीन हाय पूर्ण्याला. त्येला कंदी लावता?"

साठ्यांनी शर्टाची गुंडी एकदाची लावली.

*

पूर्ण्याच्या मशीननंतर सोनाळ्याचं झालं, मग खोणीचं. शैलाच्या प्रोग्रॅममधला बैल तालुक्यात ठिकठिकाणी जाऊन बसला. मुंबईच्या व्यापाऱ्याला ही गोष्ट कळली आणि त्याने तैवानला कळवली. ठाण्याला एक कॉम्प्युटरचं दुकान होतं, तिथे इंटरनेट मिळायचं. तिथून शैलाने कंपनीला ई-मेल लिहिला: माणसं हात टेकतात, तेव्हा काय होतं, मी काय केलं. सोबत तिने लिहिलेला तो भाग जोडला. परत आलेल्या उत्तरात तिला 'मिस्टर रोकडे' म्हटलं होतं. तिने पुढच्या पत्रात ते दुरुस्त केलं.

वर्षाने त्या कंपनीचा नवा संच आला. फ्लॉपीवर एक नवं फंक्शन होतं: हात टेकलेला ओळखून थांबणारं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर आभार मानले होते, त्यात शेवटचं नाव होतं, एस. रोकडे, भिवंडी. शैलाने ते एकदा वाचून कपाटात ठेवलं. साठ्यांनी मात्र कपाटातून काढलं आणि अख्ख्या कासार आळीत फिरवलं. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांना ते ओळीवर बोट ठेवून दाखवायचे. "ही आमच्याकडची."

केसरीनाथांनी अजून ते मशीन पाहिलेलं नव्हतं. येतो येतो म्हणायचे आणि टाळायचे. टेम्पोचं काम शेवटचं ठरलं होतं. त्यानंतर त्यांनी हातात ब्रश धरला नव्हता. एका सकाळी शैला काल्हेरला निघाली तेव्हा ते चपला घालून दारात उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

सायझिंगमध्ये बाळाराम त्यांना नमस्कार करून बाजूला झाला. "या बाबा. तुमचीच चित्रं हायेत. बैल लय गुणाचा हाय."

केसरीनाथ काचेसमोर उभे राहिले. आतून उजेड असलेली आपली चित्रं ते पहिल्यांदाच पाहत होते. बैलाचं वशिंड, रिक्षाचं हूड, किटलीची वाफ. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं, जरा मागे सरकून पाहिलं.

"हात लावा ना," बाळाराम म्हणाला.

त्यांनी उजवा हात पुढे केला. तो कापत होता. बैलगाडीच्या अगदी जवळ जाऊन बोट थांबलं, मग अलगद टेकलं, आणि उचललं गेलं. मशीनचा आवाज उतरत गेला. एवढी मोठी चादर संथ झाली.

शैला त्यांच्याकडे बघत होती. त्यांचं मशीनकडे लक्ष नव्हतं. ते आपलं बोट उजेडाकडे धरून, त्याला रंग लागलाय का, ते निरखून पाहत होते.